जुन्या वेगवान मोटारी आणि त्यांचा पुसलेला इतिहास

वापरलेली स्पोर्ट्स कार विकत घेणारा ग्राहक साधारणतः तीन गोष्टी पाहतो : रंग, मीटरवरील किलोमीटर आणि कागदपत्रे. या तिन्ही बाबी निर्दोष असूनही त्या मोटारीचे इंजिन काही वर्षे कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे राबविले गेले असण्याची शक्यता असते. देशातील जुन्या मोटारींचा बाजार गेल्या दोन दशकांत गल्लीतल्या दलालाकडून संगणकीय मंचांपर्यंत पोहोचला. मात्र इंजिनाच्या क्षमतेत पूर्वी केलेले आणि विक्रीपूर्वी काढून टाकलेले फेरफार शोधण्याची व्यवस्था या बाजारात अद्याप रुजलेली नाही. ते काम सर्वस्वी ग्राहकाच्या सावधगिरीवर सोडण्यात आले आहे.

या प्रश्नाचे मूळ टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांच्या प्रसारात आहे. पूर्वी इंजिनाची ताकद वाढवायची तर ते उघडावे लागे. पिस्टन, कॅमशाफ्ट बदलावे लागत आणि त्याच्या खुणा राहत. टर्बो इंजिनात हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ या गोष्टी ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवितो. त्यातील आज्ञावली बदलली की एक पानाही न फिरविता ताकद वाढते. याला रिमॅपिंग म्हणतात. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. संवेदकाच्या वायरीत एक लहानसा बॉक्स जोडायचा, तो ईसीयूला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे भासवितो आणि ईसीयू भाबडेपणाने दाब वाढवितो. विक्रीच्या आदल्या दिवशी हा बॉक्स अर्ध्या तासात काढता येतो.

वाढीव ताकद फुकट मिळत नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया या मोटारींतील दीड लिटर टीएसआय इंजिन १५० पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्यांच्या सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सची, म्हणजे कोरड्या क्लचच्या डीक्यू २०० या प्रकाराची, क्षमताही २५० न्यूटन-मीटरच आहे. अर्थात कारखान्यातून बाहेर पडतानाच गिअरबॉक्स मर्यादेवर उभा असतो. अशा इंजिनाचा टॉर्क आणखी वाढविला तर तो भार प्रथम क्लच सोसतो. मालक वर्षभर वेगाचा आनंद घेतो, नंतर मूळ आज्ञावली परत भरून मोटार विकतो. झिजलेल्या क्लचचे देयक नव्या मालकाच्या हाती पडते.

ज्या मोटारी मुळातच हौशी चालकांसाठी आणल्या गेल्या, त्यांच्याबाबत ही शंका अधिक रास्त ठरते. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही मोटार २०२० मध्ये भारतात केवळ २०० नगांपुरती आली होती. त्याआधी २०१७ मध्ये आलेल्या २३० पीएसच्या ऑक्टाव्हिया आरएसलाही मोठी मागणी होती. अशा मोटारी आज दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे आहेत. संख्या मर्यादित असल्याने त्यांची किंमत टिकून राहते आणि किंमत टिकते म्हणूनच ‘मोटार पूर्णपणे मूळ स्थितीत’ या शब्दांना भाव येतो. हे शब्द बहुधा आजच्या स्थितीपुरतेच खरे असतात. फेरफार करणे हा काही गुन्हेगारी वृत्तीचा पुरावा नव्हे. अनेक हौशी मालक मोटारीची निगा इतरांपेक्षा अधिक राखतात, तेल वेळेआधी बदलतात. आक्षेप आहे तो लपविण्याला.

तपासणीची सुरुवात डोळ्यांनी आणि हातांनी होते. कारखान्यात घट्ट केलेल्या अनेक बोल्टांवर रंगाची बारीक रेघ असते. पाना फिरला की ती तुटते. टर्बोकडे जाणाऱ्या नळ्यांवर कारखाना स्प्रिंगच्या क्लिपा वापरतो. तिथे स्क्रूने आवळण्याची बाजारू क्लिप दिसली तर ती नळी कधीतरी निघाली होती, एवढे निश्चित. नळी का निघाली, हे विक्रेत्याला विचारावे. दाबमापक बसविण्यासाठी काचेलगतच्या खांबावर पाडलेली छिद्रे, गोंदाचे डाग, संवेदकाच्या जोडणीवरील तुटलेली खिटी, वायरीवर गुंडाळलेली नव्या रंगाची पट्टी या गोष्टी एकेकट्या क्षुल्लक असतात, पण एकत्र आल्या की बोलू लागतात. धुराच्या मार्गातील डाउनपाइप हा भाग विशेष पाहण्याजोगा. तेथील उत्प्रेरक काढून मोकळी नळी बसविण्याची प्रथा आहे. विक्रीपूर्वी मूळ भाग परत चढविला जातो. दहा वर्षे जुन्या मोटारीखाली गंजलेल्या नळीला चकचकीत नवे नटबोल्ट असतील तर त्यांचा जन्मदिवस विचारलाच पाहिजे.

स्पार्क प्लगही काढून पाहावेत. निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाऐवजी अधिक ‘थंड’ प्रकारचे प्लग आढळले, तर इंजिन वाढीव दाबावर चालविले गेल्याचा तो ठळक संकेत होय. फेरफार करणारा मोठे भाग आठवणीने बदलतो आणि प्लग विसरतो, असे अनेकदा घडते. त्यानंतर सर्व सिलिंडरांचा कॉम्प्रेशन तपास आणि गळती तपास करावा. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली असेल, तर पिस्टनच्या कडा किंवा व्हॉल्व्ह दुखावल्याची शक्यता असते आणि तेथे व्यवहार थांबविणेच शहाणपणाचे.

दुसरा टप्पा संगणकाचा. ओबीडी सॉकेटला जोडण्याचे साधे उपकरण आज अनेक गॅरेजमध्ये असते, पण त्याचा उपयोग बहुधा ‘दोष नाही’ एवढे वाचण्यापुरताच केला जातो. वस्तुतः दोष नसणे हीच कधी कधी सर्वांत संशयास्पद गोष्ट असते. त्याच उपकरणावर, दोषांची नोंद पुसल्यापासून मोटार किती किलोमीटर धावली हे बहुतेक मोटारींत वाचता येते. हा आकडा चाळीस-पन्नास किलोमीटर असेल आणि उत्सर्जन यंत्रणेच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर नोंदी नुकत्याच पुसल्या गेल्या आहेत. कारण निरुपद्रवी असू शकते. बॅटरी बदलली असेल. अशा वेळी आठवडाभराने, दोन-तीनशे किलोमीटर चालविल्यानंतर पुन्हा वाचन घेण्याचा आग्रह धरावा. प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

अनेक ईसीयूंमध्ये आज्ञावली किती वेळा भरली गेली याची मोजणी राहते. मात्र कंपनीच्या अधिकृत सुधारणांमुळेही हा आकडा वाढतो आणि काही कसबी मंडळी तो बदलूही शकतात. त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. अधिक विश्वासार्ह आहे तो आज्ञावलीचा ओळख क्रमांक आणि तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारा पडताळणी क्रमांक. आज्ञावलीतील आकडे बदलले की पडताळणी क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळेनासा होतो. अर्थात मूळ आज्ञावली परत भरलेली असेल, किंवा नुसता बॉक्स लावून काढलेला असेल, तर हा तपासही निरुत्तर राहतो.

पोर्श कंपनीच्या मोटारींबाबत ग्राहक काहीसा सुदैवी आहे. ९११ च्या ९९७ या पिढीपासून इंजिनाचा संगणक मर्यादेबाहेरील फेऱ्यांची नोंद सहा श्रेणींत ठेवतो. प्रत्येक श्रेणीत किती ठिणग्या पडल्या आणि तसे शेवटचे कधी घडले, हे इंजिनाच्या तासांसह वाचता येते. वरच्या श्रेणींतील नोंदी सहसा हातगिअरच्या मोटारीत वेगात असताना चुकून खालचा गिअर पडल्याने होतात, कारण केवळ ॲक्सिलरेटर दाबून इंजिन तिथवर जाऊ शकत नाही. ही घटना आठशे तासांपूर्वीची असेल आणि इंजिन त्यानंतर सुरळीत चालले असेल, तर चिंता कमी. दोन तासांपूर्वीची असेल तर प्रश्न निराळा. याच अहवालातील एकूण तासांचा आणखी एक उपयोग आहे. समजा, इंजिन १,५०० तास चालले आणि मीटर १५,००० किलोमीटर दाखवीत आहे. सरासरी वेग ताशी १० किलोमीटर निघतो. मुंबईच्या वाहतूक कोंडीलाही इतका दोष देता येणार नाही. येथे मीटर मागे फिरविल्याचा संशय घ्यावा लागतो.

कायदा याबाबत काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील, असे बदल मालकास करता येत नाहीत. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात बदलण्यात आले. त्यानुसार अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरतूद कठोर आहे, पण तिची नजर डोळ्यांना दिसणाऱ्या टायर, सायलेन्सर आणि दिव्यांवरच खिळलेली असते. प्रदूषण तपासणी केंद्रात धुराच्या नळीत नळी घालून वायू मोजले जातात. आज्ञावलीकडे कोणी पाहत नाही.

जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम अधिसूचित केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्यास अधिकारपत्र घ्यावे लागते आणि वाहन त्याच्या ताब्यात आल्याची सूचना नोंदणी प्राधिकरणास द्यावी लागते. मालकी कोणाची, अपघात झाला तर जबाबदार कोण, हा घोळ त्यामुळे पुष्कळसा मिटू शकतो. इंजिनाचा पूर्वेतिहास सांगण्याचा विषय मात्र या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट धरली. तेथे १९ जुलै २०२१ पासून नियमित धूर तपासणीतच ईसीयूमधील आज्ञावली पडताळली जाते. ती निर्मात्याची किंवा राज्याच्या वायू मंडळाने मान्य केलेली नसेल तर मोटार अनुत्तीर्ण ठरते. हेतू प्रदूषण रोखण्याचा होता, पण जुनी मोटार घेणाऱ्यालाही त्याचा आपसूक लाभ झाला. भारतात असे करायचे तर निर्मात्यांकडून पडताळणी क्रमांकांची अधिकृत सूची मिळविणे आणि तपासणी केंद्रांना साधने पुरविणे, ही दोन्ही कामे आधी करावी लागतील. तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य काही नाही. प्रशासकीयदृष्ट्या ते सोपेही नाही.

तोपर्यंत ग्राहकाचा आधार उरतो तो १८७२ च्या करार कायद्याचा. त्यातील कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडविणे ही फसवणूक आहे. निव्वळ मौन मात्र सामान्यतः फसवणूक ठरत नाही. कलम १९ त्याहून अडचणीचे आहे. फसवे मौन वा चुकीचे कथन यामुळे करार झाला असला, तरी सामान्य दक्षतेने सत्य शोधण्याचे साधन खरेदीदाराकडे होते, असे दिसल्यास त्याला करार रद्द करता येत नाही. म्हणजे तपासणी टाळणाऱ्याची बाजू न्यायालयातही लंगडी पडते. त्यामुळे विक्रेत्याला प्रश्न तोंडी न विचारता लेखी विचारावा : या मोटारीच्या ईसीयूत, टर्बोत, धुराच्या मार्गात किंवा क्लचमध्ये कधीही बदल केला होता काय, केला असल्यास कोणत्या साली आणि किती किलोमीटरवर. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याखाली तारीख आणि स्वाक्षरी घ्यावी, आणि तो कागद विक्रीच्या करारपत्राला जोडावा.