चढायचे इकडून, उतरायचे तिकडे

१९८४ साली माझी बदली जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत झाली. घर कल्याणला. शनिवारी बँक अर्धा दिवस असे. रोखीचा मेळ जमला की कधी कधी मी नेहमीच्या रस्त्याने घरी न जाता घाटघरकडे जाणारी एसटी पकडी. ती सह्याद्रीच्या माथ्यावर नेऊन सोडी. तिथून नाणेघाटाच्या दगडी पायऱ्या उतरायच्या, खालच्या जंगलातून चालत राहायचे, की दोन-अडीच तासांनी वैशाखऱ्याजवळ माळशेजचा रस्ता लागे. हात दाखवला की कल्याणची गाडी थांबे. रात्री मी घरी पानावर बसलेला असे आणि आज स्वारी कोणत्या वाटेने आली, हे आईला पँटीला चिकटलेल्या कुसळांवरून कळे.

नाणेघाट ही काही हौशी गिर्यारोहकांनी शोधलेली वाट नव्हे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती कार्षापण दिले, याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. बँकेतल्या माणसाला ती भिंत म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची खातेवहीच वाटते. वर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे सांगतात.

गेल्या पावसाळ्यात नातवाला हे सारे दाखवायचे ठरवले. मुलगा म्हणाला, "बाबा, एसटीने कुठे हाल करून घेता? गाडी काढतो." गेलो. घाटमाथ्यापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे आणि त्यावर दुतर्फा मोटारींची रांग. गुहा पाहिली, रांजण पाहिला, वाऱ्याने वर उडणारे पाणी पाहिले, भाजलेली कणसे खाल्ली. नातू पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला, "आजोबा, ही वाट खाली कुठे जाते? आपण जाऊ या ना!"

"अरे, गाडी वर उभी आहे," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर हे वाक्य माझ्या मनातून जाईना. गाडी वर उभी आहे! दोन हजार वर्षे माणसे ज्या घाटाने पार होत आली, तिथून आम्ही मागे वळलो, कारण मोटारीकडे परत जायचे होते. मोटारवाल्याला जिथून निघाला तिथेच यावे लागते. एसटीने जाणारा एका बाजूने चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. सह्याद्रीच्या उत्तम वाटा नेमक्या अशाच आहेत. कर्जतच्या बाजूने खांडसला उतरून गणेश घाटाने भीमाशंकर चढावे, अभयारण्यातल्या झाडांवर शेकरू दिसते का पाहावे आणि वरून पुण्याची एसटी धरावी. गुंजवण्याहून राजगड चढावा, डोंगरधारेने तोरण्याला जावे आणि वेल्ह्यात उतरावे. या वाटा मोटारवाल्याला जवळजवळ बंदच आहेत.

ही केवळ एका म्हाताऱ्याची हळहळ नव्हे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसकट कोसळला आणि चौघांचा जीव गेला. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे, पण चित्र एकच : शनिवार-रविवारी सारे शहर त्याच चार-दोन ठिकाणी लोटते, कारण मोटार तिथपर्यंत जाते. मग जमावबंदीचे आदेश निघतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकाळाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आहेत. अभिमान वाटलाच. पण आता या गडांवर माणसे कशी पोचणार, हा प्रश्न आला की आपण रुंद रस्ता आणि मोठा वाहनतळ यांपलीकडे सहसा विचार करीत नाही. एसटीची आणखी एक फेरी कोणाला आठवतच नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद झाले आणि बऱ्याच अंशी ते खरेही झाले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. आधी करोना आणि मग संप, या दुहेरी माराने अनेक आडवाटेच्या फेऱ्या गेल्या त्या गेल्याच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. सवलती मिळाल्या, दर वाढले. आडगावाला हवी होती ती मात्र गाडी.

एका गडाच्या पायथ्याचे गाव घ्या. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही गोष्ट त्या एकाच गावाची नाही. तिथे पूर्वी मुक्कामी गाडी येई. रात्री चालक-वाहक देवळात पथारी पसरत आणि पहाटे दूधवाले, बाजारकरी, कॉलेजची मुले यांना घेऊन गाडी तालुक्याला जाई. आधी मुक्काम बंद झाला, मग दुपारची फेरी कधी येई, कधी येत नसे. मागच्या वर्षी गड उतरून मी तिथल्या थांब्यावर दोन तास बसलो होतो. शेजारी दहावीतली एक मुलगी क्लासला जायला निघालेली. तिच्या दप्तरात एसटीचा मोफत पास होता. बारावीपर्यंतच्या मुलींना तो मिळतो. पास होता, गाडी नव्हती. शेवटी वडापची जीप आली. मुलगी पैसे मोजून मागच्या फळीवर दाटीवाटीने बसली आणि जाताना मला म्हणाली, "आजोबा, रोज नाही परवडत. दोन दिवसांतून एकदा जाते." माझा एक रविवार लांबला एवढेच. तिचा अभ्यासक्रम निम्म्यावर आला होता.

महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, तेव्हा रिकाम्या गाड्या कशासाठी पळवायच्या, असा प्रश्न कोणी विचारील. माझी उमेद आकडेमोडीत गेली, मी तो उडवून लावणार नाही. १९७७ साली रिझर्व्ह बँकेने दंडक घातला होता : बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार खेड्यांत उघडा. माझी शाखा त्याच धोरणातली. तिचा ताळेबंद पहिली काही वर्षे लाल शाईतच होता. तरी शाखा दररोज दहाच्या ठोक्याला उघडत होती, म्हणून लोक पैसे ठेवायला आले. ज्या दिवशी ती 'कधी उघडी, कधी बंद' झाली असती त्या दिवशी ठेवी गेल्या असत्या आणि तोटा पाहून कोणीतरी कुलूप लावले असते. आडमार्गाच्या एसटीचे हेच होते. भरवसा जातो, म्हणून प्रवासी जातो. प्रवासी जातो, म्हणून फेरी जाते.

आणि इथेच डोंगरात चालणारा माणूस उपयोगी पडू शकतो. मुक्कामी गाडी पहाटे भरून तालुक्याला जाते, पण सकाळी गावाकडे परतताना निम्मी रिकामी असते. रविवारी तर शाळाही नसते. नेमक्या त्याच वेळी शहरातला माणूस उलट दिशेने गावाकडे निघालेला असतो. संध्याकाळीही तेच उलट. रिकाम्या बाकांवर बसणारे हे गिऱ्हाईक आयते आहे. त्यासाठी वेगळी पर्यटन बस नको, वातानुकूलित तर नकोच. असलेल्या गाडीची वेळ पाळावी, ती थांब्यावर ठळक लिहावी आणि शेवटची गाडी खरोखर शेवटपर्यंत जावी. त्याने तोटा भरून निघेल असे मी म्हणत नाही. पण रविवारी आपण भरलेल्या बाकांमुळे ती फेरी टिकली, तर सोमवारी ती मुलगी क्लासला पोचेल.

हे आपल्याही हातात आहे. पावसाचा जोर ओसरला की एखाद्या रविवारी गाडीची किल्ली खुंटीवर राहू द्यावी. डबा, पाणी, सुटे पैसे घ्यावेत. शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारावी आणि तिच्या तासभर आधी खाली यावे. ही वेळ डोक्यात असली की माणूस धबधब्याखाली रेंगाळत नाही, अंधारात वाट चुकत नाही आणि गावात चहा प्यायलाही त्याला सवड मिळते.

येत्या रविवारी नातवाला घेऊन निघतो आहे. कल्याणच्या स्टँडवरून जुन्नरची गाडी, वैशाखऱ्यापुढे उतरायचे आणि नाणेघाट या खेपेला खालून वर. घाटघरच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करून परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवली आहे. नातू दहा वर्षांचा, मी सदुसष्ट. दोघांनाही अर्धे तिकीट. दोघांचे मिळून एक पुरे होते.