आवाजात शिरलेली खंजिरी

रविवारी रात्री साडेअकरा वाजता तुम्ही काय करता? मी सोमवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन अर्धवट टाकून हेडफोन लावतो आणि ‘सोलो’ नावाचं बटण दाबतो. सगळे ट्रॅक गप्प, एकच चालू. त्या रात्री चालू होता बाबांच्या आवाजाचा ट्रॅक. निदान मला तरी तसं वाटत होतं. कारण त्यात बाबांबरोबर पेटी होती, खंजिरी होती आणि मागे कुठेतरी टुक टुक टुक. फक्त बाबा हवे होते, मिळालं अख्खं भजनी मंडळ!

तर मंडळी, थोडी पार्श्वभूमी. आमचं घर राजूरला. अकोले तालुक्यातलं राजूर नाही, जालन्याचं गणपतीचं राजूरही नाही. हे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं, कोळशाचं आणि चुनाभट्ट्यांचं. बाबा कोळसा खाणीतून रिटायर झालेले. ड्यूटी कुठलीही असो, खंजिरी भजन सुटलं नाही. आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरी घरोघर पोचवली, त्या परंपरेतलं हे गाणं. गेल्या नोव्हेंबरात बाबांच्या थायरॉइडच्या ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गळ्याची नस अगदी शेजारून जाते, काळजी घेऊच, पण आवाज थोडा बदलू शकतो. बस्स. मी तीन दिवसांची रजा टाकली, लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक माईक सॅकमध्ये भरला आणि निघालो.

प्लॅन सोपा होता. पहिल्या दिवशी मी पेटी वाजवून रेकॉर्ड करायची, नंतर बाबांनी हेडफोनमध्ये ती ऐकत गायचं. सगळं वेगवेगळं, स्वच्छ, मग पुण्यात बसून आरामात मिक्स. संध्याकाळी पहिला टेक झाला, आई म्हणाली छान झालं, मीही म्हटलं छान झालं. रात्री सगळे झोपल्यावर पेटीचा ट्रॅक म्यूट केला, तर पेटी चालूच! बाबांच्या ट्रॅकमध्ये ती चांगली ठसठशीत बसलेली.

इथे बहुतेक जण जे करतात तेच मीही केलं. इक्वलायझर उघडला, नॉइज गेट लावलं, दोन तास उगाच खटपट. गेटचा फंडा असा, की आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते दार बंद करतं. पण बाबा गात असताना दार उघडंच असणार, आणि त्याच दारातून पेटीही आत येणार. म्हणजे उपयोग शून्य.

मग अक्कल आली. आधी हे बघू की पेटी येते कुठून. माईकची वायर उपसून काढली, पेटीचा ट्रॅक चालू ठेवला आणि रेकॉर्ड दाबलं. माईकच नाही, तरी स्क्रीनवर पेटीच्या लाटा उमटल्या. याचा अर्थ ती हवेतून येतच नव्हती, कॉम्प्युटरच्या पोटातून येत होती. शोधलं तर इंटरफेसच्या सेटिंगमध्ये ‘लूपबॅक’ चालू. ऑफिसच्या वेबिनारसाठी मीच कधीतरी चालू केलेलं! लूपबॅक म्हणजे कॉम्प्युटर जे वाजवतोय ते पुन्हा रेकॉर्डिंगमध्ये सोडायचं. तुमच्याकडे इंटरफेस नसेल तर हाच प्रकार विंडोजमध्ये ‘स्टिरिओ मिक्स’ नावाने सापडेल. रेकॉर्डिंगसाठी तो निवडला असेल तर बदलून माईक निवडा. एक टिकमार्क काढला आणि पेटी गायब. दोन तास त्या टिकमार्कपायी गेले. ही वायर उपसायची टेस्ट मी आता प्रत्येक वेळी सगळ्यात आधी करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा टेक. पेटी गेली, पण दोन ओळींच्या मधल्या शांततेत ते टुक टुक. बारीक, पातळ, लांबून आल्यासारखं. आता वायर काढली की ते थांबत होतं. म्हणजे हे खरोखर हवेतून येत होतं, बाबांच्या हेडफोनमधून गळून माईकमध्ये. मी त्यांना माझे लोकलमधले, हलकेफुलके, कानावर टेकवायचे हेडफोन दिले होते. त्यात बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून व्हॉल्यूम फुल. आणि शिवाय सगळे गवई करतात तेच तेही करत होते, स्वतःचा आवाज ऐकायला एक कान उघडा! ती मोकळी वाटी म्हणजे माईकजवळ ठेवलेला छोटा स्पीकरच.

“माह्या कानात कोन टुकटुक करून रायलं बे?” बाबा वैतागले.

त्यांचं बरोबर होतं. क्लिक मला पेटी वाजवताना हवा होता, आता त्याची गरज नव्हती. बंद करून टाकला. वणीहून कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन आणले, मोकळ्या बाजूचा आवाज शून्य केला. टुकटुक संपलं.

राहिली खंजिरी. तिथे मात्र टेन्शन होतं. मी म्हटलं, बाबा, नुसतं गा, खंजिरी नंतर वेगळी घेऊ. ते गायले. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण गाणं पार बसलेलं. श्वास कुठे घ्यायचा तेच त्यांना कळेना.

“हातात खंजिरी नसन तं गानं कसं निघन?” एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. ऑपरेशनला आठ दिवस होते, माझ्या हातात एक संध्याकाळ. घसा दुखतो म्हणून दिवसाला तीन-चार टेकच्या पुढे जायचं नाही, हे आईने आधीच बजावलेलं.

मग खंजिरी हातात ठेवूनच काय करता येईल ते पाहिलं. आपला नेहमीचा कार्डिऑइड माईक समोरून सगळ्यात जास्त ऐकतो आणि मागून सगळ्यात कमी. म्हणून तो तोंडासमोर न ठेवता हनुवटीच्या खाली, वर तोंड करून लावला. आता त्याची पाठ थेट मांडीवरच्या खंजिरीकडे. तोंडापासून माईक दहा सेंटिमीटर, खंजिरीपासून चाळीस. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबल उतरतो, चौपटीला बारा. पाठीचा फायदा वेगळाच.

पण आमच्या घराला टिनाचं छप्पर आणि भिंती उघड्या. खंजिरीच्या झांजा तिथे आपटून परत माईकमध्ये यायच्या. त्यावर उपाय घरातच होता. कापसाचा जिल्हा आमचा, गाद्यांना काय तोटा! चार गाद्या बाबांच्या मागे आणि बाजूला उभ्या केल्या.

“एवढ्या गाद्या कायले काढल्या? पावणे येऊन रायले काय?” आई दारात उभी.

त्याच संध्याकाळी दुसरा टेक जमला. मध्ये कोळशाची मालगाडी गेली, लांबून भोंगा आला, बाबा थांबले नाहीत. खंजिरी आवाजाच्या ट्रॅकमध्ये आहेच, पण मागे, आपल्या जागी.

“आता एआय आहे ना बॉस, कशाला एवढी मगजमारी?” हे ऑफिसातल्या मित्राचं. आहे, आणि जबरदस्त आहे. जॉन लेननने घरी कॅसेटवर पियानो वाजवत गायलेलं एक गाणं वर्षानुवर्षं अडकून पडलं होतं, कारण पियानो आवाजातून सुटेना. मशीन लर्निंगने तो सुटला आणि २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ बाजारात आलं. ‘डेमक्स’सारखी फुकट सॉफ्टवेअरही आहेत. मी आमच्या त्या पहिल्या टेकवर चालवून पाहिलं. पेटी बऱ्यापैकी निघाली. खंजिरीला मात्र हात लावला आणि वाट लागली. झांजांची किणकिण आणि आपले ‘स’, ‘श’ हे वरच्या पट्टीत एकाच ठिकाणी राहतात. झांजा काढताना बाबांचे ‘स’ पण गेले, ते बोबडे झाले. फाइल डिलीट केली.

ऑपरेशन नीट झालं. आता तीन महिने होतील. बाबांचा आवाज आहे, पण जड झालाय, वरचा षड्ज लागत नाही. पूर्वी काळी दोनमध्ये गायचे, आता पांढरी एक मागतात. पेटी वेगळी आणि स्वच्छ होती म्हणून तिचा ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये तीन स्वर खाली उतरवता आला, तो त्यांना फोनवर पाठवला. परवा रात्री त्यांचा फोन. पेटी ठीक आहे, पण लय जरा हळू कर, म्हणाले, आणि मोठे हेडफोन घेऊन ये.

या शनिवारी निघतोय. लूपबॅक पुण्यातच बंद करून ठेवलंय.