मुखवट्यामागचे व्रत

२०१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅन जनरल झॉडची मान मोडतो. निरपराध कुटुंबाचे प्राण वाचविण्यास अन्य मार्गच नव्हता, असे त्याचे समर्थन केले जाते. पण ते मार्ग बंद केले कोणी? पटकथाकाराच्याच लेखणीने ना? १९३९च्या आरंभीच्या कथांत बॅटमॅनही माणसे मारीत असे, हा दाखलाही हिरिरीने दिला जातो. मात्र पुढे संपादकांनीच त्याला हत्येची बंदी घातली आणि त्या बंधनातूनच त्याचे चारित्र्य घडले, याचा सोयीस्कर विसर पडतो.

सैनिकाच्या शस्त्रामागे राष्ट्राची आज्ञा असते. पोलिसावर न्यायालयाचा अंकुश असतो. मुखवटाधारी वीर कोणाला उत्तरदायी? त्याच्यावर अंकुश एकच, त्याने स्वतः घेतलेल्या व्रताचा. तोही सुटला, तर त्याच्यात आणि खलनायकात अंतर उरते ते केवळ वेशभूषेचे!

२००८च्या ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमॅन कोसळणाऱ्या जोकरलाही वाचवितो. बॅटमॅनच्या हातून हत्या घडविण्याचा जोकरचा डाव तिथेच फसतो. व्रत निभावण्यातले हे नाट्य रंगविण्याइतकी प्रतिभा ज्यांच्यापाशी नाही, त्यांनी मुलांच्या या वीरांना हात न लावलेलाच बरा.