एक वर्ग, दोन आपा : सोय कुणाची आणि झळ कुणाला?

जून उजाडला की शाळेच्या फाटकावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "यंदा तिसरीला कोण आहे?" पुस्तकं कधी मिळणार, गणवेश कधी मिळणार, हे सगळं नंतर. आधी वर्गशिक्षक कोण ते सांगा. प्राथमिकच्या मुलासाठी शाळा म्हणजे इमारत नसते, त्याची आपा किंवा त्याचे सर असतात, हे वालिदैनला बरोबर कळतं.

म्हणूनच एका वर्गाला दोन अर्धवेळ शिक्षिका, ही कल्पना ऐकली की पालक आधी दचकतात. आम्हीही दचकलो होतो. पण आमच्या ओळखीच्या एका विनाअनुदानित उर्दू प्राथमिक शाळेत हा प्रयोग वर्षभर चालला. तो आम्ही जवळून पाहिला, त्यामुळे त्यावर दोन गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात असं वाटतं.

प्रयोग काय होता?

दोघी डी.एड. झालेल्या, दोघी चांगल्या शिकवणाऱ्या. एकीला सहा महिन्यांचं बाळ. दुसरीच्या घरी सासूबाईंना अर्धांगवायू झालेला. दोघीही नोकरी सोडायच्या बेतात होत्या. संस्थेने सुचवलं, सोडू नका, तिसरीचा वर्ग वाटून घ्या. मधल्या सुट्टीपर्यंत एक, सुट्टीनंतर दुसरी. वर्गात ३८ मुलं.

पहिले तीन महिने अक्षरशः गोंधळ झाला. हातच्याची वजाबाकी एकीने एका रीतीने शिकवली, दुसरीने दुसऱ्या. मुलं दोन्ही विसरली. गृहपाठ विचारला की उत्तर तयार, "वो आपा ने तो नई बोला था!" एक मुलगा सकाळी गप्प बसायचा आणि दुपारी डबा उघडायचा नाही. सकाळच्या आपाला वाटलं झोप झाली नसेल, दुपारच्या आपाला वाटलं भूक नसेल. त्याच्या घरी काय चाललं होतं ते कळायला महिना गेला. एकच शिक्षिका असती तर दोन दिवसांत ध्यानात आलं असतं.

मग दोघींनी स्वतःच रीत बसवली. एक जाड वही घेतली. सकाळची आपा जाताना लिहून जायची, काय झालं, कुठे थांबलो, कोण रडलं, कोण आलं नाही. विषय वाटून घेतले. गणित आणि परिसर अभ्यास एकीकडे, उर्दू, मराठी आणि इंग्रजी दुसरीकडे. शिस्तीचे नियम दोघींचे एकच. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं दोघी एकत्र बसायच्या. पालकसभेला दोघीही हजर. दिवाळीपर्यंत वर्ग रुळावर आला. उलट एक फायदा दिसला. शेवटच्या तासाला मुलांसमोर ताजीतवानी शिक्षिका असायची, दिवसभर घसा फोडून दमलेली नव्हे.

आणि तरीही मार्चमध्ये एक आपा सोडून गेली. कारण शिकवण्याचं नव्हतं, पगाराचं होतं. आधीच तुटपुंजा पगार, त्याचे दोन तुकडे केले. एकत्र बसायची वीस मिनिटं, वही लिहिणं, पालकसभा, हे सगळं फुकट. मे महिन्याचा पगार नाहीच. रिक्षाचं भाडं जाऊन हाती काय राहणार?

इंग्लंडमध्ये हे कसं चालतं

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत एक पद दोघांनी वाटून घेणं ही जुनी गोष्ट आहे. साधारणपणे एक जण सोमवार ते बुधवार दुपार, दुसरा तिथून शुक्रवारपर्यंत. तिथल्या शिक्षकांपैकी जवळपास एक चतुर्थांश अर्धवेळ काम करतात आणि प्राथमिकच्या शिक्षकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तिथेही तक्रारी त्याच. पालकांना दोन चेहरे नको असतात, मुख्याध्यापकांना वेळापत्रकाची डोकेदुखी नको असते.

पण तिथे पाया कायद्याचा आहे. २००० साली आलेल्या नियमांनुसार अर्धवेळ कामगाराला केवळ अर्धवेळ आहे म्हणून पूर्णवेळच्या सहकाऱ्यापेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. पगार प्रमाणात, रजा प्रमाणात, निवृत्तिवेतनही प्रमाणात. ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क मिळाला आहे. मागितलं की मिळेलच असं नाही. मालक नकार देऊ शकतो, पण आधी चर्चा करून, ठरलेल्या कारणांपैकी कारण सांगून, आणि दोन महिन्यांच्या आत.

थोडक्यात, तिथे शिक्षिकेचे तास अर्धे होतात, तिचा दर्जा अर्धा होत नाही.

आपल्याकडचा अनुभव

आपल्याकडे "अर्धवेळ", "तासिका तत्त्व", "मानधन" हे शब्द ऐकले की शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे. शिक्षणसेवक योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकचं मानधन महिना ३,००० रुपये होतं. ते वाढत वाढत १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना १५,००० रुपयांवर नेमायचा शासन निर्णय आला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला. म्हणजे आपल्याकडे पद वाटण्याची गोष्ट निघते ती पैसे वाचवण्यासाठी. शिक्षिकेची अडचण कुणी विचारतच नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. आता कुणी उद्या "दोन अर्धवेळ म्हणजे दोन शिक्षक" असा हिशेब मांडला तर? दोन अर्धवेळ मिळून एकच शिक्षक होतो. संचमान्यतेच्या कागदावर ही चलाखी झाली तर सर्वात आधी मार खातील त्या छोट्या वस्तीवरच्या शाळा आणि उर्दू शाळा. तिथे आधीच जागा रिकाम्या असतात आणि एकेका शिक्षकावर दोन-दोन वर्ग असतात.

सरकारी पातळीवर दुसरी अडचण यंत्रणेची. शालार्थमध्ये एका पदावर एका माणसाचा पगार निघतो. एक पद दोघींत वाटायचं तर पगार, रजा, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, सगळ्याचे नियम नव्याने लिहावे लागतील. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. बालसंगोपन रजाही संपूर्ण सेवेत १८० दिवसांची आहे, पण वर्षाला दोन महिन्यांच्या वर नाही. या रजा संपल्या की पुढे काय, तर पूर्णवेळ या किंवा सोडा. मधला रस्ता नाही. विनाअनुदानित शाळांत तर अनेकींना या रजाही कागदावरच दिसतात.

आपल्या समाजाचा प्रश्न

भिवंडी असो की मालेगाव, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मुली डी.एड., बी.एड. करू लागल्या. मोहल्ल्यात एखादी तरी आपा सापडतेच. पण त्यांच्यातल्या किती जणी आज वर्गात आहेत? लग्न, मूल, सासर, आजारी माणसं, एकेक कारण आणि एकेक जण घरी. मग आपणच म्हणतो, चांगले उस्ताद मिळत नाहीत. मिळतील कसे? शिकलेल्या आपण घरी बसवल्या.

इथे एक जुनी आठवण सांगाविशी वाटते. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाई फुले आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांना काळजी आहे ती फातिमाची. आपण नसल्यामुळे कामाचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. एक आजारी पडली तर दुसरीने सावरायचं, हे पुण्यातल्या त्या बायांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी जमलं होतं.

मग करायचं काय?

शासन नियम करील तेव्हा करील. आपल्या संस्थांच्या हातात आज जे आहे ते तरी नीट करू. वर्ग वाटून द्यायचा असेल तर काही अटी पाळाव्यात, असं आम्हाला त्या वर्षभराच्या अनुभवावरून वाटतं :

- मागणी शिक्षिकेकडून यावी. संस्थेने खर्च वाचवायला ती लादू नये.
- पहिली-दुसरीला शक्यतो हा प्रयोग नको. लहान मुलाला एक चेहरा लागतो. तिसरीपासून विचार करावा.
- दोघी एकत्र बसतील तो वेळ पगारात धरावा. सुट्टीचा पगार दोघींना प्रमाणात मिळावा.
- नेमणूकपत्रात लिहून द्यावं की परिस्थिती सुधारल्यावर आणि जागा असल्यास पूर्णवेळ येण्याचा पहिला हक्क तिचा.
- प्रत्येक मुलासाठी दोघींपैकी एक जण जबाबदार धरावी. पालकाला कुणाशी बोलायचं हे माहीत असलं पाहिजे.

यात संस्थेचा खर्च थोडा वाढतो, हे आम्ही लपवत नाही. पण अनुभवी शिक्षिका जाऊन दर जूनला नवीन, कच्ची मुलगी आणून उभी करण्याचाही खर्च असतोच. तो संस्थेच्या हिशेबवहीत दिसत नाही, मुलांच्या वहीत दिसतो.

ती सोडून गेलेली आपा आता घरी शिकवण्या घेते. तिसरीतली तीच मुलं संध्याकाळी तिच्याकडे जातात आणि पालक त्याचे वेगळे पैसे भरतात. तिला शिकवायचंय, मुलांना तिच्याकडून शिकायचंय, पालकांची पैसे द्यायची तयारी आहे. फक्त शाळेत तिला जागा नाही. संस्थाचालकांनी येत्या जूनच्या आधी एकदा या हिशेबावर बसावं, एवढीच आमची विनंती.