निशाणी नांगर

सीबीडी बेलापूर. गेली तीस वर्षे हा माझा पत्ता आहे आणि अजूनही पाकिटावर तो लिहिताना मला थोडी गंमत वाटते. मागचे नाव जुन्या किल्ल्याचे, खाडीकाठच्या गावाचे; पुढची तीन अक्षरे इंग्रजी. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना ‘सीबीडी’ म्हटले की बरोबर कळते. त्या तीन अक्षरांचा अर्थ विचारला तर मात्र फार थोड्यांना सांगता येईल. त्यावाचून कुणाचे अडत नाही, हेही खरे. पण सगळ्याच इंग्रजी अक्षरांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. हे मला एका माणसाने शिकवले. त्याची हकिगत आधी सांगतो, कारण पुढचे सगळे विचार तिच्यातूनच निघाले आहेत.

मी एका बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. १९८८ साली मी याच पट्ट्यातल्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या होत्या, मोबदल्याचे थोडेफार पैसे लोकांच्या हाती आले होते. एका तरुणाला टेंपोसाठी कर्ज हवे होते आणि जामीन म्हणून त्याने आपल्या काकांना आणले होते. पांढरी टोपी, पायात जुन्या वहाणा. चौथी शिकलेले, मराठीत सही करणारे. जामिनाचा कागद सहा पानी आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. त्याच्या शेवटी एक छापील ओळ असे: वरील मजकूर सही करणाऱ्यास मराठीत वाचून व समजावून सांगितला आहे. त्याखाली अधिकाऱ्याची सही. महिनाअखेर होती, काउंटरवर गर्दी होती. मी म्हणालो, “काका, इथे सही करा. नुसती फॉर्मॅलिटी आहे.” त्यांनी केली. खाली मीही केली.

टेंपो वर्षभरात बंद पडला, हप्ते थकले. दोन वर्षांनी काकांची मुदत ठेव कर्जात वळती झाली. ते मला भेटायला आले तेव्हा आरडाओरडा करतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. ते शांतपणे एवढेच म्हणाले, “साहेब, मी पुतण्याला ओळखतो म्हणून सही केली होती. पैसे भरतो म्हणून नव्हती केली.”

बँकेचे कायद्याने काही चुकले नव्हते. कागद पक्का होता. खोटी होती ती त्या छापील ओळीखालची माझी सही.

सकाळी पारसिकच्या डोंगराच्या बाजूला आम्ही निवृत्त मंडळी फिरायला जातो. तिथे महिन्यातून एकदा तरी मेकॉले निघतोच. ‘मेकॉलेने आपले वाटोळे केले, आपल्याला कारकून करून ठेवले,’ असा एकूण सूर. बोलणाऱ्यांत निवृत्त अभियंते असतात, डॉक्टर असतात, आणि बहुतेकांची नातवंडे परदेशात असतात. मी गप्प राहतो. बँक अधिकारी म्हणजे जरा बऱ्या पगाराचा कारकूनच, त्यामुळे ते बोलणे मला लागतेही. पण गप्प राहण्याचे खरे कारण वेगळे आहे. आपल्या मुलखातली ही गोष्ट मेकॉलेपासून सुरू होतच नाही.

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. जिंकलेल्या लोकांना एकदम दुखवू नये, हे त्याचे धोरण. म्हणून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात त्याच्या सरकारने काढली ती संस्कृत पाठशाळा, तीही पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून. १८२२ मध्ये मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शालेय पुस्तके छापण्यासाठी संस्था निघाली. सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे काम पाहत. त्यांनी मुलांसाठी ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीती’ मराठीत आणली. जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताची पुस्तके मराठीत केली आणि आपल्या संस्थेत इंजिनिअरिंगचे शिक्षण देशी भाषांतून दिले. १८२६ साली मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली वैद्यकशाळा निघाली, तिथेही देशी भाषांतून वैद्यक शिकवत. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले ते इंग्रजीतून. म्हणजे ‘मराठीतून डॉक्टर-इंजिनिअर कसे होणार?’ हा आज विचारला जाणारा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून पाहिलेला आहे.

इंग्रजी आपल्यावर केवळ लादली गेली, हेही अर्धेच खरे. १८२७ साली एल्फिन्स्टन परत निघाला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले, तेही इंग्रजी भाषा आणि युरोपातल्या विद्या शिकवणारे प्राध्यापक आणण्यासाठी. पैसे देणारे आपलेच शेटिये आणि व्यापारी होते. त्या संस्थेत पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३४ साली सहायक प्राध्यापक झाले. त्याआधी, १८३२ साली, त्यांनी ‘दर्पण’ काढले होते, ते इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही भाषांत. एका पानावर दोन स्तंभ शेजारी शेजारी. या सगळ्या काळाचे मला आवडणारे चित्र तेच आहे.

मेकॉलेचा अभिप्राय १८३५ सालचा आणि कलकत्त्याचा. मुंबईत खरी लढत झाली ती पुढच्या दशकात. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की पैसा थोडा आहे, तो वरच्या थरातल्या थोड्यांना इंग्रजीतून चांगले शिकवण्यावर खर्च करावा. मंडळावरचे जगन्नाथ शंकरशेट, त्यांचे पारशी व मुसलमान सहकारी आणि तोच जर्व्हिस, जो आता कर्नल झाला होता, यांचे म्हणणे असे की सर्वांपर्यंत विद्या न्यायची तर ती लोकांच्या भाषेतूनच जाईल. नानांचे इंग्रजीशी वैर नव्हते. त्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. त्यांचा आक्षेप होता तो सगळे दरवाजे बंद करून एकच उघडा ठेवण्याला. सरकारने १८४८ मध्ये तडजोड केली: खालचे शिक्षण देशी भाषेत, वरचे इंग्रजीत. तडजोड शहाणपणाची दिसते. पण वरच्या मजल्यावर जाणारा जिना इंग्रजीच राहिला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ झाले, १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि २२ पास झाले. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चौघे पहिले पदवीधर बाहेर पडले. पुढे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी गेली आणि ती परत आणण्यासाठी त्याच रानड्यांना अनेक वर्षे झगडावे लागले.

तर मग इंग्रजीआधीचे सगळे बरे होते का? या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासाच्या पुस्तकाआधी एका ट्रंकेत सापडले.

पेणजवळच्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात मोडी कागद. माझे आजोबा मोडी झरझर लिहीत. वडिलांना वाचता येई. मला एक अक्षर येत नाही. घरच्याच कागदापुढे मी निरक्षर. सहा वर्षांपूर्वी एका मोडीच्या जाणकारांकडून त्यातले काही वाचून घेतले. त्यात एक कर्जरोखा होता, शके १७९४ चा, म्हणजे इसवी सन १८७२ चा. एका कुळाने भाताचे खाचर गहाण टाकून रक्कम घेतली होती. सहीच्या जागी नांगराचे लहानसे चित्र आणि शेजारी शब्द: निशाणी नांगर. ज्याला लिहिता येत नसे तो शेतकरी अशी निशाणी करी. खाली लिहिणाराचा दस्तुर होता आमच्या घराण्यातल्या एका पूर्वजाचा.

जाणकार वाचत होते आणि मला पांढरी टोपी दिसत होती. माझ्या पूर्वजाने तो कागद त्या माणसाला वाचून दाखवला असेल का? की त्यानेही म्हटले असेल, ‘नांगर काढ इथे, रीत आहे’? मला हे कधीच कळणार नाही. पण एक कळले. इंग्रजीने आपल्याकडे नवे कुलूप आणले हे खरे. मात्र दार आधीपासूनच बंद होते. पूर्वी कुलूप मोडीचे होते आणि किल्ली माझ्या आजोबांच्या आजोबांकडे होती. नंतर ते इंग्रजीचे झाले आणि किल्ली माझ्याकडे आली. हवेली तीच, पहारेकरीही त्याच घरातला.

पंतोजींच्या शाळांचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे. धूळपाटीवरची अक्षरे, पावकी, निमकी, सवायकी, औटकी यांनी डोक्यातला हिशेब पक्का होई, यात शंका नाही. माझ्या बँकेतल्या जुन्या कॅशियरना मी यंत्राआधी उत्तर देताना पाहिले आहे. पण १८२९ च्या सुमाराच्या सरकारी मोजणीत मुंबई इलाख्यातल्या सुमारे ४७ लाख वस्तीत शाळा होत्या सुमारे १,७०० आणि शिकणारी मुले सुमारे ३५ हजार. मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्यांना त्या ओसरीवर जागा नव्हती. नव्या सरकारनेही ती जागा सहज दिली नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या नकाराला मान डोलावली.

हे सगळे एका माणसाला नेमके दिसले होते. जोतीराव फुले स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी ‘इंग्रजी बंद करा’ असे म्हटले नाही. त्यांनी हिशेब विचारला. सारा भरतो शेतकरी, आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का जातो? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. शिकलेले थोडे आपोआप इतरांना शिकवतील, ही वरून खाली पाझरण्याची कल्पना त्यांना पटली नव्हती. पाझरत काहीच नाही. वरचे मडके मोठे होत जाते, एवढेच. त्यांच्या मागणीनंतर गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, ते पडले. सयाजीराव गायकवाड आणि शाहू महाराजांनी आपापल्या संस्थानांत करून दाखवले. साऱ्या देशाला शिक्षणहक्काचा कायदा मिळाला २००९ साली. मध्ये १२७ वर्षे गेली, आणि त्यातली साठाहून अधिक आपल्या स्वतःच्या राज्याची.

त्या शिक्षणाने काहीच दिले नाही, असे मी म्हणणार नाही. इथून जवळच, पनवेलच्या पुढे, शिरढोण आहे. तिथल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी थोडे इंग्रजी शिकून पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली. हाच कारकून पुढे एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत होता आणि त्यानेच १८७९ साली सरकारविरुद्ध बंड उभारले. मेकॉलेने कारकून घडवले म्हणताना हा कारकूनही मोजावा लागतो.

मग आज काय? माझ्यापुरते कबूल करतो. १९९३ साली मी माझ्या मुलाला इंग्रजी शाळेत घातले. माझ्या कादंबऱ्या त्याने वाचल्या नाहीत. नात तर वाचूच शकत नाही. आगरोळीतला किंवा दिवाळे गावातला बाप पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. किल्ली कुठे आहे ते त्याने पाहिले आहे. ‘मराठी शाळेत घाला’ असा उपदेश त्याला करणाऱ्याने आधी कुलूप बदलून दाखवावे.

२०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण भाषेचा मान मला सत्कारात मोजता येत नाही. मी कागदात मोजतो. पैसे भरण्याच्या स्लिपा तीन भाषांत असतात. माणूस अडकतो तो स्लिपेवर नव्हे. तो अडकतो कर्जाच्या, जामिनाच्या, विम्याच्या आणि घराच्या करारावर. जो कागद सही करणाऱ्याच्या भाषेत नाही, त्यावरची सही त्याला बांधू नये, एवढा एकच नियम खरोखर पाळला गेला तर मराठी शाळांत मुले आपोआप परत येतील, असे नाही. पण त्या भाषेत शिकलेल्याला आपण कुणापुढे उघडे आहोत असे वाटणार नाही. इंग्रजी जरूर यावी, चांगली यावी. ‘दर्पण’सारखी शेजारच्या स्तंभात यावी.

परवा नात मोबाईलवर काहीतरी उतरवून घेत होती. लांबलचक इंग्रजी मजकूर आला, तिने न वाचता खालच्या चौकोनावर अंगठा टेकवला. मी विचारले, “काय लिहिले होते गं?” ती म्हणाली, “कोण वाचतं, आजोबा? फॉर्मॅलिटी असते.” इतके उत्तम इंग्रजी शिकलेली मुलगी. मी तिचा फोन मागून घेतला आणि म्हणालो, “बस जरा. मी वाचतो, तू ऐक.” अर्धा तास लागला. ती कंटाळली, पण उठून गेली नाही.

त्या काकांसाठी हा अर्धा तास माझ्याकडे नव्हता.