गिअर कोणी बदलला?

ज्या गाडीत गिअर बदलण्याचे काम चालकाच्या हातून काढूनच घेतले आहे, तिच्या थरथरीचा ठपका चालकावर ठेवायला विशेष भाषाप्रभुत्व लागते. फोर्डने ते ऑस्ट्रेलियात दाखवले. फिएस्टा, फोकस, इकोस्पोर्ट यांतील सहा गिअरांच्या स्वयंचलित ‘पॉवरशिफ्ट’मध्ये दोन कोरडे क्लच होते, त्यांतील दोषामुळे गाडी थरथरे. हे ठाऊक असूनही ग्राहकांना ऐकवले गेले, की हा तुमच्याच चालवण्याचा परिणाम. (वाक्यातला कर्ता बदलण्याचे असे उदाहरण आम्हांला व्याकरणाच्या तासालाही सापडले नव्हते.) गाडी बदलून हवी, तर बहुतेकांना वर पदरमोड करावी लागली. २०१८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. नव्या यंत्रात चुका होणारच, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : मग तेवढे एक वाक्य ग्राहकाला का सांगितले नाही?