संशोधनाची संधी : प्राध्यापकांना कसे गाठाल?

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या अनेक मुलामुलींना वाटते की, सुट्टीत एखाद्या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करावे. मग एकाच मजकुराचे ई-मेल पन्नास जणांना जातात. उत्तर कुणाचेच येत नाही आणि ‘आमच्या तालुक्याच्या कॉलेजला कोण विचारतो?’ असे म्हणून मुले गप्प बसतात. खरे तर पुष्कळदा दोष कॉलेजचा नसतो, पत्राचा असतो.

आधी वाचा, मग लिहा
पाच-सहाच नावे निवडा. प्रत्येकाचा अलीकडचा एक तरी शोधनिबंध वाचा. सगळा समजणार नाही. प्रस्तावना आणि निष्कर्ष समजले तरी पुष्कळ झाले. प्राध्यापिकेला ‘रिस्पेक्टेड सर’ असे लिहिले गेले, तर पत्र न वाचताच बाजूला पडण्याची शक्यता असते.

पत्र छोटे असावे. तुम्ही कोण, त्यांच्या कामातले काय वाचले व त्यातून कोणता प्रश्न पडला, कोणत्या तारखांना किती आठवडे मोकळे आहात, एवढे पुरे. सोबत गुणपत्रिका आणि एक पानी परिचय जोडा. पंधरा दिवसांनी एकदाच नम्र आठवण द्या. तरीही उत्तर नाही आले तर मनाला लावून न घेता पुढच्या नावाकडे वळा.

अधिकृत योजना
बंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची ‘आयुका’ यांचेही सुट्टीतले कार्यक्रम असतात. अर्ज कित्येक महिने आधी करावे लागतात, म्हणून दिवाळीपासूनच चौकशी सुरू करा. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घ्यायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हेही ध्यानात ठेवा.

काम मिळाल्यावर
सुरुवातीला काचेची भांडी धुणे, आकडे तक्त्यात भरणे अशी कामे येतील. कंटाळू नका. रोजची नोंदवही ठेवा. अडचण आधी तिथल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विचारा. वेळ पाळा. पुढे शिफारसपत्र लिहिताना प्राध्यापकांना हेच आठवते.

पालकांसाठी
‘पैसे मिळत नाहीत, मग परगावी कशाला?’ असे म्हणून मुलीला थांबवू नका. परदेशी किंवा पीएच.डी.ला प्रवेश घेताना हाच अनुभव उपयोगी पडतो. मात्र संस्थेचे लेखी पत्र, राहण्याची सोय आणि विद्यावेतन यांची खात्री आधी करून घ्या. संशोधनाची संधी देतो म्हणून कुणी मोठी फी मागितली तर सावध व्हा. २०१३ च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावे मुलीने पहिल्याच दिवशी टिपून ठेवावीत.